भरतीच्या खडकावर

एकदा एक व्यापारी अठरा वर्षांनी आपल्या गावी आला. गाव खाडीच्या मुखाशी होते, व्यापाऱ्याचे नाव वामन. पुतणीचे लग्न हे येण्याचे निमित्त होते. लग्न पार पडले, पाहुणे पांगले, तरी तो परत निघेना. रोज संध्याकाळी तो बुधाजीच्या दारापर्यंत जाई आणि अंगणाबाहेरूनच मागे फिरे.

वामन, बुधाजी आणि सदबा हे बालपणीचे सोबती. गावातल्या एका वृद्ध नावाड्याने या तिघांना गरवायला, म्हणजे दोरीला गळ लावून मासे धरायला, शिकवले होते. वारा, पाणी, तिथी, माशाची ओढ हे सारे त्याच्याकडूनच त्यांना मिळाले. वामन त्यांतला सर्वांत निष्णात. पण एका पौर्णिमेच्या उधाणात खाडीतल्या खडकावर बुधाजीचा पाय घसरला आणि लाटेने त्याला कालवांच्या धारदार शिंपल्यांवर आपटले. त्याचा पाय कायमचा अधू झाला. वामन चार हातांवर होता. “वाऱ्यात हाक ऐकू आली नाही,” असे त्याने सर्वांना सांगितले. महिन्याभरात त्याने गाव सोडले. त्यानंतर त्याने गळाला हात लावला नाही.

लग्नानंतर चौथ्या दिवशी तो त्या वृद्ध नावाड्याकडे गेला.

“तात्या, बुधाजीशी बोलायचं आहे. पण जमत नाही.”

वृद्ध जाळ्याची वीण दुरुस्त करत होता. त्याने मान वर केली नाही. “उद्या दुपारी धक्क्यावर ये,” एवढेच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी धक्क्यावर सदबा होता आणि बुधाजीही होता. वृद्धाने त्यांनाही बोलावले होते. वृद्धाने तिघांना होडीत घेतले, त्याच खडकावर उतरवले, आमिषाची टोपली हाती दिली आणि होडी वळवली.

“तात्या, कुठे निघालात?” वामनने विचारले.

वृद्धाने होडी पलीकडच्या वाळूवर ओढली आणि तो उंडीच्या झाडाच्या सावलीत आडवा झाला.

भरती सुरू झाली होती. सदबा आणि बुधाजी गळ टाकून बसले. वामनने दोरी हातात घेतली खरी, पण त्याची नजर पाण्यावर होती. खडकाचा खालचा कंगोरा बुडाला. मग त्यावरची भेग भरली. बुधाजीच्या पायाकडे पाहण्याचे तो टाळत होता, आणि त्या एवढ्याशा खडकावर दुसरीकडे पाहण्यासारखे काही नव्हते.

“पाणी चढतंय,” तो म्हणाला.

“भरती आहे,” सदबा म्हणाला.

वामनने तात्यांना हाक मारली. पुन्हा मारली. वाळूवरचा माणूस हलला नाही. पाणी घोट्याला लागले तेव्हा तो बुधाजीकडे वळला.

“बुधाजी, तू माथ्यावर जाऊन बस. तुझ्याने पोहवणार नाही. मी खाली थांबतो.”

बुधाजीने त्याच्याकडे पाहिले आणि तो वर सरकला. वामन खडकाच्या खालच्या टप्प्यावर उतरून उभा राहिला. पाणी गुडघ्याशी आले. लाट मागे जाताना पायांखालून ओढत होती. मग, पाण्याकडेच पाहत, तो बोलला.

“त्या दिवशी तू मारलेली हाक मला ऐकू आली होती.”

सदबाचा हात दोरीवर थांबला.

“गळाला मोठा मासा होता. मला वाटलं, एवढा वर घेतो आणि जातो. मी ऐकूनही थांबलो, बुधाजी. आणि नंतर सगळ्यांशी खोटं बोललो.”

वामनने मागे वळून पाहण्याचे धाडस केले नाही.

“मला माहीत होतं,” बुधाजी म्हणाला. “तू वळून पाहिलं होतंस. मी तुझा चेहरा पाहिला. पायाचं दुःख सोसलं रे. पण तू न सांगता गेलास.”

“चुकलो.”

बुधाजीने हात पुढे केला. “वर ये. आज अष्टमी. भांगाची, लहान भरती, पाणी याच्या वर येत नाही. हेही विसरलास?”

वामन वर आला. सदबाने त्याच्या गळाला आमिष लावून दिले. थोड्या वेळाने दोरीला हलकी टोच लागली, मग दुसरी. वामनचे बोट आपोआप सैल झाले, थांबले आणि नेमक्या क्षणी घट्ट झाले. शेंगटी वर आली, वीतभर. तिच्याकडे पाहून तो हसला आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. त्यानंतर दिवस कलेपर्यंत तिघांनी गरवले. कोणाचा मासा मोठा यावरून दोनदा वादही झाला.

होडी आली तेव्हा वामनने विचारले, “तात्या, आम्हाला असं सोडून का गेलात?”

वृद्ध म्हणाला, “पाणी कुठवर येतं ते मला ठाऊक होतं. तुला कुठवर येईल ते ठाऊक नव्हतं, म्हणून झोपेचं सोंग घेऊन तुझ्याकडेच पाहत होतो. बाळा, अंगणात बोलायला बसलं की पायाखाली वाट असते. बोलणं जड झालं की माणूस उठून जातो. तू तर उठून थेट शहरात गेलास. तुला शब्द मी काय देणार? ते तुझ्यापाशी होतेच. मी फक्त वाट तेवढी काढून घेतली.”

वामनने मान खाली घातली. मग कोणी न सांगता त्याने वल्ही हाती घेतली.

त्या संध्याकाळी मासे बुधाजीच्या घरी रांधले गेले. अठरा वर्षे वामनचे नावही न घेतलेल्या बुधाजीच्या बायकोने त्याचे पान मांडले आणि पहिला भात संपताच, त्याला न विचारता, दुसऱ्यांदा वाढला.