वाटेत बसलेली कासवीण

खूप जुनी गोष्ट आहे, तळ्यांना अजून नावंही पडली नव्हती तेव्हाची. एका तळ्यावर बगळ्यांच्या पिल्लांसाठी दोन शाळा होत्या. खोल पाण्याच्या शाळेत मासे धरायला शिकवत. काठावरच्या शाळेत नुसते चिखलातले किडे वेचायला. उन्हाळ्यात चिखल वाळला, की काठावर शिकलेल्यांना दुसऱ्यांच्या उष्ट्यावर जगावं लागे.

कोण कुठे जाणार, हे एकाच दिवशी ठरे. करकोचे गुरुजी पिल्लाच्या पायाला बोरू लावून बघत. पाय बोरूवरच्या खाचेपर्यंत पोचला तर खोल पाणी, नाहीतर चिखल. तेही जन्मभर! उंच झाडांवरची अंडी आधी फुटत, म्हणून तिथल्या पिल्लांचे पाय तोवर लांब झालेले असत. हे सगळ्यांना दिसत होतं. बोलत कुणीच नव्हतं.

एक बगळी झुडपातल्या घरट्यात उशिरा जन्मली. तिचा पाय खाचेखाली राहिला.

"आखूडबाई, किडे गोड लागतात हं!" उंच झाडांवरची पिल्लं खिदळली. बगळीने मान पंखात खुपसली.

काठावरच्या शाळेत एक म्हातारी कासवीण शिकवायची. ती म्हणाली, "रडतेस कशाला गं? तुझे पाय अजून वाढायचेत."

थंडी पडेपर्यंत ते खरंच वाढले. कासवीण तिला घेऊन गुरुजींकडे गेली. "पुन्हा मोजा."

"एकदा मोजलं ते मोजलं," गुरुजी म्हणाले.

"मग मीही एकदा बसले ती बसले!" कासवीण खोल पाण्याच्या एकुलत्या वाटेत बसली आणि तिने मान आत घेतली. गुरुजींनी टोचून टोचून चोच बोथट करून घेतली. पिल्लांनी ढकलून पाहिलं. ती हलेना. शाळा बंद पडली, तेव्हा उंच झाडांवरच्या आयाच ओरडत तळ्याच्या राजाकडे, राजहंसाकडे गेल्या.

राजहंस आला. "बाई, काय हवंय तुम्हाला?"

कवचातून आवाज आला, "बोरू."

सगळ्यांना पुन्हा मोजलं. बगळी खाचेच्या वर होती. चिखलातली निम्मी पिल्लंही वर होती.

"आणि ही उरलेली?" राजहंसाने विचारलं.

"त्यांचे अजून वाढायचेत, महाराज."

राजहंसाने त्याच दिवशी दोन्ही शाळा एक केल्या.

पुढच्या उन्हाळ्यात चिखल भेगाळला, पण तळ्यावर कुणी उष्टं मागितलं नाही. बगळीने पहिला मोठा मासा धरला आणि थेट कासविणीपुढे ठेवला.

"अगं, माझ्या तोंडात दात कुठायत? शेवाळ आणायचंस की!"

बगळी हसली आणि चोचभर शेवाळ घेऊन आली. पुढे कासवीण होती तोवर रोज आणत राहिली.

म्हणून सांगतो, वाढत्या लेकराची लायकी एका दिवसात ठरवू नये, आणि आपल्यासाठी जो वाट अडवून बसला, त्याला जन्मात विसरू नये.