सदतिसावी बशी

घरोघरी काचेचं शोकेस असायचं, त्या काळची गोष्ट. केळुसकरांच्या शोकेसमध्ये संगमरवरी ताजमहाल, निवृत्तीला मिळालेलं घड्याळ अशी वडीलधारी मंडळी बसलेली असत. काम एकालाही नव्हतं, मत प्रत्येकाला होतं.

एके दिवशी तिथे चिनी मातीची बशी आली. एका चित्रकाराने रंगवलेला स्वतःचाच चेहरा तिच्यावर छापला होता. जांभळे केस, हिरवे ओठ. अशा पाचशेच बश्या निघाल्या होत्या आणि हिचा नंबर मागे लिहिला होता.

समोर टीपॉयवर केळुसकरांचा रोजचा कप होता, कान तुटलेला.

"कानतुट्या, पाचशेतली सदतिसावी आहे मी! आता बघ, माझा चेहरा बघायला लोक येतील. तुझा नंबर काय रे?"

"मला नंबर नाही, ताई. मला चहा आहे."

"वाया गेलेलं कार्टं," घड्याळ म्हणालं. ते स्वतः चार वर्षं पावणेदहावर अडकलं होतं.

रविवारी पाहुणे आले. "हे कोण? तुमचे मेहुणे का?"

केळुसकर चिडले. "अहो, पाचशेतली सदतिसावी आहे!"

"कशावरून?"

केळुसकरांनी शोकेस उघडलं आणि बशी उलटी फिरवून ठेवली. नंबर लोकांकडे, चेहरा मागे.

"वा! वा!" पाहुणे म्हणाले. बशी तशीच राहिली, कायमची.

संध्याकाळी कपाने विचारलं, "ताई, काय दिसतं गं तिकडे?"

"प्लायवूड."

"तोंड सांभाळून बोल," घड्याळ खेकसलं. "केवढा मान मिळालाय तुला!"