काढून टाकलेला आवाज

एकदा एका क्लॅरिओनेट वाजवणाऱ्या तरुणीने आपले पहिले ध्वनिमुद्रण स्वतःच प्रसिद्ध करायचे ठरवले. तिचे नाव सुनेत्रा. जयसिंगपुरात तिच्या वडिलांचे, आप्पांचे, बँडपथक होते. वरातीपुढे वाजणारे ते वाद्य तिने घरात बसून, रागाला धरून वाजवायला घेतले आणि चार वर्षांच्या रियाजानंतर भीमपलासची बारा मिनिटे तिला मनासारखी साधली. पाठीशी कंपनी नाही, हाताशी स्टुडिओ नाही. एक मायक्रोफोन, एक लॅपटॉप आणि इंटरनेटवर मिळणारी साधने, एवढ्यावर तिने हे धाडस मांडले होते.

ध्वनिमुद्रण एका दुपारी घराच्या मधल्या खोलीत झाले. आप्पा तेव्हा कोपऱ्यात बसून ढोलाचे पट्टे शिवत होते. नंतर ऐकताना सुनेत्राच्या ध्यानात आले की वादनामागे पंखा आहे, शेजारचा कुकर आहे आणि रस्त्यावरचा भंगारवालाही आहे. तिने ती फाइल आवाज स्वच्छ करून देणाऱ्या एका संकेतस्थळावर चढवली. तिथे एक सरकपट्टी होती. ती उजवीकडे न्यावी तितका गोंगाट कमी होई. सुनेत्राने ती टोकापर्यंत नेली. पंखा गेला, कुकर गेला, भंगारवालाही गेला. क्लॅरिओनेटच्या मागे आता संपूर्ण शांतता होती.

तरी ते ऐकताना तिचे मन लागेना. सूर जागच्या जागी होते, पण वाजवणारी दुसरीच कुणी असावी असे वाटत राहिले. दोन मैत्रिणींना तिने ते पाठवले. दोघींनीही ‘एकदम क्लीन’ असे कळवले, आणि त्यावर अधिक काही लिहिले नाही. रविवारी ते प्रसिद्ध व्हायचे होते. शुक्रवारी सकाळी सुनेत्रा वसगडेकर सरांच्या दारात उभी राहिली.

सरांनी पस्तीस वर्षे रेडिओसाठी ध्वनिमुद्रण केले होते. निवृत्तीनंतर ते होतकरू कलावंतांना मायक्रोफोन कुठे ठेवावा इथपासून शिकवत, आणि सुनेत्रा वर्षभर त्यांच्याकडे जात होती. फाइल दाबून लहान केलेली नाही, उत्तम दर्जाची आहे, हे तिने आधीच सांगून टाकले. कदाचित मायक्रोफोन कमी पडला असेल, अशी शंकाही तिने बोलून दाखवली. सरांनी सगळे ऐकून घेतले. मग स्वच्छ केलेली फाइल बाजूला सारून त्यांनी ते संकेतस्थळ उघडायला सांगितले, आणि चष्मा कपाळावर चढवून पडदा खालपर्यंत न्याहाळला. तळाशी बारीक अक्षरांत एक पर्याय होता : काढलेला भाग ऐका. सरांनी तोच निवडला. एक हेडफोन स्वतः लावला, दुसरा तिच्या हाती दिला आणि डोळे मिटून ते त्या टाकाऊ आवाजांत रमले.

सुनेत्राला काही उमगेना. हातात दोन दिवस उरलेले, आणि सर पंख्याची घरघर ऐकत बसलेले. हा सगळा कचरा आहे, असे तिने हलकेच सुचवून पाहिले. सरांनी नुसते बोट वर केले. मग तीही ऐकू लागली.

आधी पंखाच होता. मग कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या. पण त्या घरघरीच्या आड आणखी काहीतरी हलत होते. प्रत्येक सुराआधी वाद्याच्या तोंडाशी असलेल्या पट्टीला लागणारा तिचा श्वास होता. निषादावरून उतरताना विरत जाणारे सुरांचे शेवट होते, चाव्यांवर पडणाऱ्या बोटांची टकटक होती. आणि सहाव्या मिनिटाला कुणीतरी खालच्या आवाजात गुणगुणू लागले.

ते आप्पा होते. पट्टे शिवता शिवता ते भीमपलास गुणगुणत होते, आणि एका जागी तर तिच्या किंचित आधीच ते पुढच्या सुरावर पोचले होते. तिथून निघालेली तान तिला त्या दिवशी कशी सुचली, याचे तिला स्वतःलाच नवल वाटले होते. सुनेत्राने हेडफोन काढला, सरांकडे पाहिले आणि पुन्हा लावला.

बारा मिनिटे संपल्यावर सर म्हणाले, “आम्ही टेपच्या फिती ब्लेडने कापायचो. कापलेले तुकडे मी कार्यक्रम प्रसारित होईपर्यंत गळ्यात अडकवून हिंडायचो. लोक हसायचे. पण कापणाऱ्याचं सगळं लक्ष ठेवायच्या भागाकडे असतं. टाकायचा भाग कुणीच ऐकत नाही, आणि चूक तिथंच होते. हे साधन वाईट नाही. गोंगाट काढ म्हणालीस, त्यानं काढला. पंखा कोणता आणि श्वास कोणता, हे त्याला कुणी सांगायचं?”

“मी,” सुनेत्रा म्हणाली.

घरी येऊन तिने मूळ फाइल पुन्हा चढवली आणि सरकपट्टी जेमतेम पाव भाग सरकवली. पंखा दूर गेला, श्वास राहिला. कुकरच्या शिट्ट्या तिने हाताने, एकेक ऐकून काढल्या. भंगारवाला नेमका समेवर ओरडला होता. त्याला तिने राहू दिले. काढलेला भाग मात्र ती दर वेळी ऐकत होती. शनिवार त्यातच गेला, पण तो कसा गेला हे तिला कळलेही नाही.

रविवारी प्रसिद्ध करण्याआधी तिने ते आप्पांना ऐकवले. आप्पा मान डोलावत होते. सहाव्या मिनिटाला त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“मागं कोण गुणगुणतंय गं? काढून टाक ते. रेकॉर्डिंग खराब होतंय.”

“काढून बघितलं होतं, आप्पा,” सुनेत्रा म्हणाली. “तेव्हाच खराब झालं होतं.”

आप्पांनी तिच्याकडे पाहिले. आवाज कुणाचा हे त्यांना तेव्हा कळले असावे, कारण ते खिडकीकडे वळून बसले आणि थोड्या वेळाने, मागे न बघता, त्यांनी आवाज जरा वाढवायला सांगितले.