शाफ्टचं दुसरं टोक

"मग थरथरतंय काय, ते तरी सांगा."

भरतेशने तिसऱ्यांदा विचारलं. दस्तगीर मिस्त्री उत्तर न देता जीपभोवती फिरत होते. एक हात पत्र्यावरून फिरवत होते, गोठ्यातल्या जनावराच्या पाठीवरून फिरवावा तसा.

मिस्त्रींनी एस.टी.च्या वर्कशॉपात बत्तीस वर्षं गाड्यांच्या पोटाखाली काढली होती. आता डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि हातात पाना धरायचं त्यांनी सोडलं होतं. तरी आष्ट्यात एखादी गाडी कुणालाच कळेनाशी झाली, की लोक त्यांच्या दारात जात.

भरतेश चौगुले असा कुणाच्या दारात जाणारा नव्हता; आज सकाळी मात्र त्याने मिस्त्रींना घरी बोलावून आणलं होतं. इंजिनिअरिंग कॉलेजात तो यंत्रांची कंपनं हाच विषय शिकवत होता. इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा लांब लोखंडी दांडा, म्हणजे शाफ्ट, त्याने घरच्या अंगणात स्वतः बदलला होता. तोही दोनदा. पहिला वाकडा आला असेल म्हणून दुसरा आणला. दुसऱ्यानेही तेच केलं.

ताशी चाळीसच्या पुढे गेलं की जीपचं बूड थरथरायला लागायचं. अशी गाडी लांबच्या रस्त्याला काढता येत नव्हती.

आणि घराच्या पुढच्या सोप्यावर अण्णा बसले होते.

अण्णा म्हणजे भरतेशचे वडील, आदगोंडा चौगुले. शेजारी कापडी पिशवी, चार दिवसांपासून भरून ठेवलेली. आजऱ्याच्या पुढे डोंगरात त्यांची थोरली बहीण, अक्का, अंथरुणाला खिळली होती. तिचं खाणं सुटलं होतं. शेवटच्या चार मैलांचा खडीचा चढ ही जीपच चढायची, दुसरी गाडी तिथवर जायची नाही. अक्काच्या मुलाचा रोज सकाळी फोन येत होता. आई विचारतेय, आदगोंडा निघाला का?

आदगोंडा निघाला नव्हता. आणि चार दिवस तो आपल्या मुलाशी बोललाही नव्हता. मुलगाही त्याच्याशी बोलला नव्हता. एका घरात राहून न बोलायचं म्हणजे बरेच कष्ट पडतात. बापलेकांनी ते मनापासून घेतले होते.

"मापं घेतलीस?" मिस्त्रींनी विचारलं.

"सगळी. शाफ्ट सरळ आहे. दोन्ही टोकांच्या सांध्यांचे क्रॉस नवे आहेत. कोनसुद्धा मोजलेत."

"सगळं बरोबर हाय."

"सगळं."

"आणि गाडी थरथरतीय."

भरतेशने हातातलं फडकं झटकलं.

मिस्त्री पायरीवर टेकले.

"इंजिन वर, मागचं चाक खाली. दोन्ही सरळ रेषेत असती तर टोकाला वळणारा क्रॉस कशाला लावला असता कुणी?"

"ते मला माहीत आहे, मिस्त्री." भरतेशचा आवाज वर्गातला झाला. "एकटा क्रॉस कधीच एकसारखा फिरत नाही. एका फेऱ्यात दोनदा पुढे पळतो, दोनदा मागे राहतो. दुसरा क्रॉस नेमकं उलटं करतो, म्हणून पहिल्याची चूक चाकापर्यंत पोचत नाही. दरवर्षी फळ्यावर शिकवतो मी हे."

"फळ्यावर दोन्ही टोकं तुझ्याच हातात असत्यात."

भरतेशने जीपखाली बघितलं.

"शाफ्ट जोडताना कोण हुतं?"

"मी."

"आणिक?"

"मीच."

मिस्त्रींनी मान सोप्याकडे वळवली. अण्णा पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत बसले होते.

मग हळूहळू सगळं निघालं. हा शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो. एक तुकडा दुसऱ्याच्या आत, दात्यांवर, मागेपुढे सरकतो. नवा शाफ्ट बसवण्याआधी ग्रीस भरायला भरतेश ते तुकडे ओढून वेगळे करत होता, तेव्हा अण्णा सोप्यावरून म्हणाले होते, "आधी खडूनं रेघ मार. दोन्ही तुकड्यांवर मिळून एक." सव्वीस वर्षं जीप त्यांनीच चालवलेली. भरतेशने मान वर न करता उत्तर दिलं होतं, "अण्णा, तुम्ही गप बसा. हे मी शिकवतो."

शेजारच्या दोन्ही घरांना ऐकू गेलं. अण्णा गप बसले. सांगितल्यापेक्षा जास्तच बसले.

भरतेशने यातलं अर्धंच सांगितलं. उरलेलं मिस्त्रींना ठाऊक होतं, कारण त्या दोन घरांपैकी एक त्यांचंच होतं.

"रेघ मारली न्हाईस."

"लागत नाही हो. टोकाला क्रॉस धरायला दोन कान असतात. इकडचे कान आणि तिकडचे कान एका सपाटीत आले की झालं. दोन्ही वेळा बघून बसवलंय मी."

"दोन्ही टोकं बघितलीस?"

"आधी हे, मग ते."

"आणि तू या टोकाकडनं त्या टोकाला जाईस्तोवर... शाफ्ट काय करत हुता?"

भरतेशने अंगणातल्या ठोकळ्यांकडे बघितलं. शाफ्ट लाकडी ठोकळ्यांवर ठेवला होता. गोल दांडा. हात सुटला की जरासा गडगडणारच.

चौदा वर्षं तो हा विषय शिकवत होता, आणि इतकी साधी गोष्ट त्याच्या ध्यानात आली नव्हती. त्याला लाज वाटली. ती त्याच्या कानांवर दिसली.

"काढ," मिस्त्री म्हणाले.

तासाभरात शाफ्ट पुन्हा अंगणात ठोकळ्यांवर आला.

"आता या टोकाला तू बस. आणि त्या टोकाला..." मिस्त्रींनी आपल्या डोळ्यांकडे बोट केलं. "मला तर दिसत न्हाई."

"बोलावतो कुणाला तरी."

"बोलाव की."

मिस्त्री पायरीवर ऐसपैस बसले. भरतेशने फाटकाकडे बघितलं. रस्त्यावर ऊन होतं, माणूस नव्हतं. त्याने फोन काढला, थोडा वेळ हातात धरला आणि खिशात परत ठेवला.

"अण्णा..."

अण्णांनी बोटाला गुंडाळलेला बंद सोडला.

"अण्णा, दुसरं टोक धरता का जरा?"

अण्णांचे गुडघे गेलेले. तीन पायऱ्या उतरायला त्यांना वेळ लागला. पहिल्या पायरीवर भरतेशने हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. दुसऱ्या पायरीवर घेतला.

भरतेशने पाट आणून दिला. बाप एका टोकाला बसला, लेक दुसऱ्या.

"तुझं कान सपाट धर," मिस्त्री म्हणाले. "धरलंस? आता हलू नगंस. अण्णा, तुमच्याकडं काय दिसतंय?"

अण्णांनी चष्मा वर केला, खाली केला. बराच वेळ बघितलं.

"तिरपं हाय. एक दाता."

भरतेशला तिथून ते दिसत नव्हतं. उठून बघायला जावं असं त्याला फार वाटलं. पण उठला असता तर त्याचं टोक हललं असतं.

तो बसून राहिला.

"कुठल्या अंगाला, अण्णा?"

"उजव्या."

"तुमच्या उजव्या, का माझ्या?"

अण्णांनी क्षणभर विचार केला.

"तुझ्या."

दोघांनी दोन्हीकडून ओढून तुकडे सोडवले. एक दाता फिरवला आणि पुन्हा आत ढकलले.

"आता?"

"आता बरोबर हाय."

मिस्त्रींनी सदऱ्याच्या खिशातून खडूचा तुकडा काढून भरतेशपुढे धरला. भरतेशने तो घेतला आणि अण्णांना दिला. अण्णांनी वाकून रेघ ओढली. ती वाकडीतिकडी आली, पण सांध्यावरून पलीकडे गेली.

"त्या दिवशी मी तसं बोलायला नको होतं," भरतेश म्हणाला.

"हं..." अण्णा म्हणाले. "बसव लौकर. अक्काचा नेम हाय, दिवस मावळल्यावर ती तोंडात काही घेत न्हाई. उजेडात पोचलो तर माझ्या हातनं एखादा घास तरी घेईल."

दुपारी एकच्या आत जीप सांगलीच्या रस्त्याला जाऊन आली. पन्नासला थरथर नव्हती. साठलाही नव्हती. अण्णा पुढच्या सीटवर बसले होते, पिशवी मांडीवर घेऊन. चार दिवसांत पहिल्यांदा ते मुलाच्या तोंडाकडे बघत होते.

निघण्याआधी भरतेश एकदा जीपखाली वाकला. सगळं घट्ट होतं. लोखंडावर ती पांढरी रेघ तेवढी वेडीवाकडी दिसत होती. त्याच्या हातात फडकं होतंच.

"मिस्त्री, आता नीट बसलंय सगळं. ही रेघ पुसून टाकू का?"

मिस्त्री काठी टेकत फाटकापाशी पोचले होते. ते थांबले.

"राहू दे रं. सांधा हाय... परत सुटंलच."