राजाला ऐकायचं होतं ताऱ्यांचं गाणं

"परवा दुपारी मला ताऱ्यांचं गाणं ऐकवा! नाही ऐकवलंत, तर तुमची शाळा पाडून तिथे माझ्या घोड्यांचा तबेला बांधीन!"

कालीरा नावाच्या ग्रीक बंदराचा राजा गोर्गोस याचं हे फर्मान दूताने खणखणीत आवाजात वाचलं आणि शाळेच्या अंगणात सामसूम झाली. तशी ती आधीपासूनच होती म्हणा! ही पायथागोरसच्या पंथाची शाळा. इथे नव्या शिष्याने पाच वर्षं तोंडातून चकार शब्द काढायचा नाही, गुरूंचं तोंडही बघायचं नाही. पडद्याच्या अलीकडे बसून नुसतं ऐकायचं.

राजालाही इथे शिष्य व्हायचं होतं. सगळं विश्व संख्यांवर उभं आहे, तारे ठरावीक अंतरांवर फिरतात आणि वीणेच्या तारांसारखे सूर काढतात, असं गुरू क्लिओमेदॉन यांनी सांगितलं तेव्हा स्वारी भलती खूश झाली. पण मग मौनाची अट निघाली आणि टाळकं फिरलं. "मी गप्प बसायचं? मग राज्य कोण करणार?" त्या रागातून निघालेलं हे फर्मान.

दूत उत्तरासाठी ताटकळला. नव्या शिष्यांना बोलायची बंदी. जुन्यांना बोलायची मुभा होती, पण ते लगेच वाळूवर चंद्र आणि शनीची अंतरं मांडून आपसात भांडायला लागले. गुरू पडद्यामागून एवढंच म्हणाले, "सत्याला साक्षीदार लागत नाही," आणि पुन्हा चिंतनात बुडाले.

राहिली स्वयंपाकीण मेलित्ता. पिठाचे हात झटकत ती पुढे आली. "येतो म्हणावं परवा!" असं तिने ठणकावलं खरं, पण दूताची पाठ वळताच तिला घोर लागला. नवरा समुद्रात बुडाल्यापासून ही शाळाच तिचं घर होती. आणि हे शिष्य! आकाशाचं माप काढतील, पण हाक मारल्याशिवाय जेवायला उठणार नाहीत. बाहेर काढलं तर यांचं कसं व्हायचं?

ठरलेल्या दुपारी ती एकटीच दरबारात उभी राहिली.

"गुरू कुठे आहेत?" राजा गरजला.

"चिंतनात, महाराज."

"मग गाणं कोण ऐकवणार? तू?"

दरबार खो खो हसला.

"मी कशाला? गाणं तर चालूच आहे! तारे काय तुमच्या फर्मानासाठी खोळंबलेत?"

"भर दुपारी?"

"दुपारी तारे घरी झोपायला जातात का, महाराज? दिसत नाहीत, एवढंच."

राजाने मान वाकडी करून कान दिला. "मला काही ऐकू येत नाही!"

"येणार कसं? तुम्ही बोलताय ना! ढोलाशेजारी बासरी कुणाला ऐकू येते?"

"मला ढोल म्हणतेस?"

"आवाजाला म्हणते, महाराज. साध्या माणसाला ऐकायला शिकायला पाच वर्षं लागतात. तुम्ही राजे! तुम्हाला एवढंसं पुरे." तिने दरबारातल्या पाणघड्याळाकडे बोट दाखवलं. "यातलं पाणी गळून संपेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. तरी ऐकू आलं नाही, तर शाळा खुशाल पाडा. मध्येच बोललात, तर दोष गुरूंचा नाही. कबूल?"

"कबूल! सगळा दरबार साक्षी आहे!"

पाणी ठिबकू लागलं. राजाने ओठ घट्ट मिटले, गाल फुगवले. मेलित्ताला वाटलं होतं, दहा थेंबही टिकायचा नाही हा! पण निम्मं पाणी गळलं तरी राजा आपला गप्पच. आता काय करावं?

ती प्रधानाकडे वळली. "प्रधानजी, तेवढ्यात एक विचारते. वसंतोत्सवात महाराजांनी स्वतः रचलेलं काव्य म्हटलं म्हणे. कसं होतं हो?"

राजाचे डोळे चमकले. प्रधानाने दाढी खाजवली.

"काव्य ना? लांब होतं."

"आणि?"

"आणि... बरंच लांब होतं."

सेनापतीला ठसका लागला.

"पण चांगलं होतं का?"

प्रधानाने छताकडे पाहिलं. मग खिडकीकडे पाहिलं.

"अरे गाढवा!" राजा कडाडला. "ते ऐकून तू ढसाढसा रडला होतास!"

"रडलो होतो, महाराज," प्रधान नम्रपणे म्हणाला. "ते मात्र अगदी खरं."

"अरेरे!" मेलित्ताने कपाळावर हात मारून घेतला. "आत्ता कुठे सूर लागत होता!"

राजाच्या ध्यानात आलं आणि त्याचा चेहरा लालबुंद झाला. "लबाड बाई! ते कबूल-बिबूल गेलं खड्ड्यात. एकच सांग, तुमच्या शाळेत आजवर हे गाणं एकाला तरी ऐकू आलंय का? उत्तर पटलं नाही तर तबेला!"

मेलित्ताने स्वतः कधी काही ऐकलं नव्हतं. चुलीवरच्या भांड्याचं खदखदणं तेवढं ऐकलं होतं.

"नव्या शिष्यांपैकी काहींना येत असावं, महाराज. तोंडावरून तसं वाटतं."

"मग सांगत का नाहीत?"

"सांगतील कसे? त्यांना बोलायची बंदी आहे!"

"आणि ज्यांची पाच वर्षं झाली, ते?"

"ते इतकं बोलतात, महाराज, की त्यांना आता ऐकू येत नाही!"

राजाने डोळे बारीक केले. त्याच्या मिशा थरथरल्या, मग खांदे, मग पोट; आणि तो असा हसत सुटला की मुकुट घरंगळत सेनापतीच्या पायाशी गेला. शाळा वाचली. वर राजाने हातातलं सोन्याचं कडं काढून मेलित्ताला दिलं, आणि शाळेशेजारची अंजिराची बागही तिच्याच नावावर करून टाकली.