थांबलेला नाच

त्या राज्यात फुलं यायची थांबली होती आणि ते अजून कुणाला ठाऊक नव्हतं. राज्य म्हणजे कड्याला लटकलेलं एक मोठं पोळं. वरच्या अंगाला मधाच्या मोजक्या कोठ्या मेणाने बंद करून ठेवलेल्या होत्या आणि त्यांच्या खाली घराघरांत बाळं घासाची वाट पाहत पडलेली होती.

बाहेर काय दिसलं ते तिथे बोलून सांगता येत असे, पण बोलण्यावर कुणी विसंबत नसे. सांगायचं ते नाचून, अशी रीत होती. फुलं लांब असली तर नाच लांबलचक, जवळ असली तर आखूड. बाकीच्या माशा नाचणारीच्या अंगाला अंग भिडवून उभ्या राहत आणि तिच्या थरथरण्यावरून वाट ओळखत. फुलं नाहीत, याचा नाच मात्र कुणी बसवलाच नव्हता. तशी वेळ कधी आली नव्हती.

भिंगरी नावाची एक माशी फुलांच्या शोधात सारा मुलूख पालथा घालून परतली. तिला एवढंच हवं होतं, की आजपासून कोठ्यांना कुणी हात लावू नये, आहे तो मध थेंबाथेंबाने बाळांना पुरावा. दाराशी पोळ्यातली थोरली माशी राखण करत बसली होती. भिंगरी तिला म्हणाली, "आता काही खरं नाही, माय."

"कधी होतं?" थोरली म्हणाली आणि पंख पुसत राहिली.

तिचा तरी काय दोष? पोळ्यातल्या म्हाताऱ्या रोज संध्याकाळी हेच म्हणून एकमेकींचा निरोप घेत आणि गाढ झोपी जात. ते शब्द वापरून वापरून पार गुळगुळीत झाले होते.

तेव्हा भिंगरीने अंगानेच सांगायचं ठरवलं. ती पोळ्याच्या मधोमध उतरली. परागाऐवजी पायांना चिकटून आलेली तापलेली माती तिने सगळ्यांना हुंगू दिली. वाळून टाळूला चिकटलेली जीभ ओढून बाहेर काढली. तिचं पोट आत गेलं होतं, पंखांच्या कडा विरल्या होत्या आणि ते हलवले की पाचोळ्यासारखे वाजत होते. माशा तिला बिलगल्या. कोवळ्या माशांचे पाय कापू लागले, कितीकींच्या घशाला कोरड पडली. एवढ्या दाटीत कुणी जागची हलेना. भिंगरीला वाटलं, पोचलं. खोटं कशाला सांगा, तिला बरंही वाटलं.

राहिलं होतं ते कुठे जायचं हे सांगणं. कुठेच नाही, हे सांगायचं होतं. तिने पाय आवरले, पंख मिटले आणि ती निश्चल उभी राहिली.

थोरली दाटीतून वाट काढत पुढे आली. तिने आपल्या मिशा भिंगरीच्या अंगावरून हळूहळू फिरवल्या, पुन्हा फिरवल्या.

"इतका आखूड नाच मी जन्मात पाहिला नाही," ती म्हणाली. "फुलं इथंच आहेत." तिने मिशा वर, कोठ्यांकडे वळवल्या.

भिंगरी नाही म्हणाली. तो मध बाळांचा आहे, असंही म्हणाली. पण ते नुसतं बोलणं होतं आणि तोवर सारं पोळं घुमू लागलं होतं. माशा वर धावल्या, मेण फाटलं, मधाचा वास घराघरांत शिरला. आडवं जायला भिंगरीच्या पायांत त्राण उरलं नव्हतं. थोरलीने मायेने एक थेंब आणून तिच्या तोंडाशी धरला.

"घे पोरी. तुझ्यामुळे मिळाला."

भिंगरीला तो नको होता. जीभ मात्र आपसूक पुढे आली.

खाली बाळांनी तोंडं उघडली होती. वर, पोट भरलेल्या कोवळ्या माशा भिंगरीभोवती गोळा झाल्या आणि तिच्याकडे बघत बघत, पाय आवरून, पंख मिटून, तस्संच उभं राहायला शिकू लागल्या.