पहिली पंगत

फार फार मागची गोष्ट. इतकी मागची, की कुठल्या राज्यातली असं ऐकणाऱ्याने विचारू नये आणि सांगणाऱ्याने सांगू नये. आपल्याच गावची समजावी, म्हणजे काम सोपं होतं.

एका खोऱ्यात एक राज्य होतं. खाली राजाची माणसं राहत आणि वर डोंगरातली माणसं राहत. डोंगरातली माणसं राज्याच्याही आधीपासून तिथे होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण सभा भरली की भाट राज्याची कथा म्हणायचा, तिची पहिली ओळ अशी होती: ‘आधी इथे कोणी नव्हतं, मग आपण आलो.’ चाल गोड होती. त्यामुळे शब्दांकडे कोणाचं लक्ष जात नसे.

राज्य वाईट होतं असं मात्र समजू नका. डोंगरातल्या माणसांचा तिथे मोठा मान होता. राजवाड्यात लग्न असो की बारसं, पहिली पंगत त्यांची. ती उठल्याशिवाय दुसरी बसायची नाही, मग ताटकळणारा प्रधान असो की खुद्द राजाचा मेहुणा. आणि वाढप्यांचा आग्रह! पाहुण्याने ‘पुरे’ म्हणायचं आणि वाढप्याने आणखी दोन लाडू पानात टाकायचे, अशी रीत. ‘पुरे’ हा शब्द त्या राज्यात ऐकायचा नसतोच.

तर, सोनकी नावाची एक मुलगी लग्न होऊन या डोंगरात आली. बोलणं कमी, बघणं फार. घरात नवरा आणि सासू. सासू म्हणजे वस्तीतली सगळ्यात जाणती बाई. तिच्या सल्ल्याशिवाय वस्तीत पान हलत नसे, आणि हललंच तर का हललं ते तिला सांगावं लागे.

त्या माणसांची एक पद्धत होती. माणूस गेलं की त्याच्या नावाने डोंगराच्या पलीकडच्या उतारावर एक झाड लावायचं. सोनकीचा नवरा रांगत होता तेव्हाच त्याचा बाप गेला. त्याच्या नावाचं ऐनाचं झाड आता चांगलं उंच झालं होतं, बुंध्यावर मुठीएवढी तिरकी गाठ असलेलं. म्हातारी रोज त्याच्यापाशी जाऊन घरची हकिकत सांगायची. सून आली तेव्हा तिलाही नेऊन उभी केली.

“बघून घ्या,” ती झाडाला म्हणाली. “तुमच्यासारखीच आहे. विचारलं तर बोलते. माझंच नशीब, दोन्हीकडून.”

सोनकी पदराआड हसली. न पाहिलेल्या सासऱ्याशी तिची त्या दिवशी ओळख झाली.

त्याच वर्षी राजपुत्राचं लग्न निघालं. डोंगराला सांगावा आला: सगळ्यांनी यायचं, आणि चार दिवस आधीच मुक्कामाला यायचं. गेली सगळी. खाली त्यांना गाद्या दिल्या, सुपारी दिली, गाणं ऐकवलं. लग्नाच्या दिवशी भल्या मोठ्या मांडवात पहिली पंगत बसली.

सोनकीने पान पुढे ओढलं, तर शेजारी सासू जेवत नव्हती. मांडवाच्या एका खांबावर तळवा ठेवून बसली होती. खांबाला हळदकुंकू वाहिलं होतं. त्यावर तीच गाठ होती, मुठीएवढी, जरा तिरकी.

“आत्याबाई, काय झालं?”

“काही नाही गं,” म्हातारी म्हणाली. “नमस्कार कर. हे तुझे सासरे.”

सोनकीने मांडवभर पाहिलं. शेजारच्या खांबापाशी एक म्हातारा ताठ बसला होता, डोळे मिटून. पलीकडे दोघी बहिणी एकमेकींचा हात धरून होत्या. इकडे ही माणसं सुपारी कातरत होती, तेवढ्यात तिकडे मांडवाच्या खांबांसाठी त्यांची झाडं पडली होती.

वाढपी लाडवांची परात घेऊन आला. “घ्या आजी, लाजायचं नाही!”

“पुरे रे बाबा,” म्हातारी म्हणाली.

त्याने दोन वाढले.

परतल्यावर वस्ती बसली. कोणी म्हणालं, भांडू. कोणी म्हणालं, डोंगर सोडू. म्हातारी म्हणाली, “भांडलो तर नुकसानभरपाई देतील. सोडून गेलो तर निरोपाचं जेवण घालतील. मला दोन्ही नको.” आणि सुनेला घेऊन ती राजाकडे गेली.

राजा मनाचा चांगला होता. ऐकून त्याचा चेहरा पडला. “आजी, शपथ घेऊन सांगतो, मला माहीत नव्हतं.”

“म्हणूनच आले. माहीत कसं असेल? विचारलंच नव्हतं.”

तिने दोन गोष्टी मागितल्या. कथेच्या पहिल्या ओळीत आम्ही होतो एवढं म्हणा. आणि डोंगराची गोष्ट निघेल तेव्हा सभेत आमचं एक माणूस बसू द्या, आधी विचारा, मग ठरवा. उरलेली झाडं तरी राहतील.

राजाने सभा बोलावली. रीत अशी, की वादविवाद झाल्यावर प्रत्येक सभासदाने टोपलीत एक पान टाकायचं. हो असेल तर हिरवं, नाही असेल तर वाळलेलं. सासू-सुनेला मानाने बाजूच्या बैठकीवर बसवलं आणि हातात पन्ह्याचे पेले दिले.

वाद रंगला. प्रधान म्हणाला, “राज्यात सगळे सारखे. एकालाच वेगळा पाट दिला तर सारखेपणा राहिला कुठे?” कोठारावरचा म्हणाला, “आज हे मागतात, उद्या कुंभार मागतील, परवा कोष्टी. सभेत उभं राहायला जागा उरायची नाही.” भाट घाबरून म्हणाला, “पहिली ओळ हलवली तर मागच्या सगळ्या ओळी ढासळतील!” मेहुण्याने तर सरळच सांगितलं, “आपल्याला काही यातलं कळत नाही. आणि कळत नसेल तेव्हा वाळलेलं पान बरं.”

डोंगराच्या बाजूने बोलणारेही होते. सेनापती उठून म्हणाला, “अहो, ती माणसं शहाणी आहेत. त्यांना पाऊस कळतो, औषधं कळतात. आपल्या उपयोगी पडतील.”

म्हातारी सुनेच्या कानाशी लागली. “माझा दीर आठवतो? त्याला स्वतःची चप्पल सापडत नाही. त्याचं काय करायचं म्हणे?”

सोनकीला हसू आवरेना. पण हसता हसता तिच्या ध्यानात आलं, की सकाळपासून सगळे आपल्याविषयीच बोलताहेत आणि आपल्याशी कोणी बोललेलं नाही. पेला मात्र एकदाही रिकामा राहिला नव्हता.

वाढपी पुन्हा आला. तिने पेल्यावर हात ठेवला. “पुरे.”

त्याने ओतलं. पन्हं तिच्या हातावर पडलं, बोटांमधून ओघळलं आणि बैठकीवरून खाली सांडलं. सभा थांबली. सगळे बघायला लागले.

“मी पुरे म्हणाले होते,” सोनकी हळूच म्हणाली.

वाढपी ओशाळला. “तसं सगळेच म्हणतात, बाई. पाहुण्याने म्हणायचंच असतं.”

“आणि घरच्याने म्हटलं तर?”

“घरच्याला कोण आग्रह करतं?” तो बिचारा सरळ मनाने म्हणाला. “घरच्याला विचारतात, किती हवंय.”

सोनकीने ओला हात पदराला पुसला. आता थांबणं अवघड होतं.

“लग्न होऊन आले तेव्हा आत्याबाई मला रोज आधी वाढायच्या,” ती म्हणाली. “गरम भाकरी माझी, दुधावरची साय माझी. मी रोज रात्री रडायचे. मग एकदा आमटी ढवळता ढवळता त्या म्हणाल्या, बघ गं, मीठ बरोबर आहे का? कमी होतं. मी तसं सांगितलं. त्यांनी घातलं. त्या दिवशी मी माझं गाठोडं सोडलं आणि लुगडी खुंटीवर टाकली. आम्ही तर कुठून आलोही नाही. इथलेच आहोत. आणि अजून आमचं गाठोडं बांधलेलंच आहे.”

प्रधान वाईट माणूस नव्हता. त्याने जरा मऊ आवाजात विचारलं, “पण तुमचं ऐकलं आणि चुकलं तर?”

उत्तर म्हातारीने दिलं. “तर मिळून चुकू. आता एकटेच चुकता.”

कित्येकांचे डोळे ओले झाले. मग टोपली फिरली. मनं हलली होती, हात हलले नव्हते. टोपली उपडी केली तेव्हा वाळलेल्या पानांचाच ढीग मोठा होता.

सासू-सून डोंगर चढून घरी आल्या. वस्तीला सांगितलं, ‘नाही म्हणाले.’ कोणी शिव्या दिल्या नाहीत. एका म्हाताऱ्याने फक्त विचारलं, “आम्हाला पुसून म्हणाले का?”

वर्ष गेलं. राजाला नातू झाला. बारशाचं आमंत्रण वर गेलं आणि निरोप खाली आला: ‘बाळाला आमचे सगळे आशीर्वाद. पंगतीला येत नाही. राग नाही. पाहुणे म्हणवून घ्यायला आता जमत नाही.’

बारशाच्या दिवशी पहिल्या पंगतीची पानं मांडली होती. ती रिकामीच राहिली. भातावरची वाफ गेली, तूप थिजलं. दुसरी पंगत उभीच. मेहुणा म्हणाला, “चला, हीच पहिली समजू.” पण थोरली राणी म्हणाली, “त्यांच्या नावाने मांडलेल्या पानांवर बसाल? घास उतरेल?” कोणी बसलं नाही. पोरं रडायला लागली.

राजाने जोडे घातले आणि एकटाच डोंगर चढू लागला.

सोनकी अंगणात नाचणी पाखडत होती. धापा टाकणारा राजा पाहून तिने घोंगडी अंथरली. म्हातारी बाहेर आली.

“आजी, जेवायला चला. सगळे उपाशी आहेत.”

“मग जेवा की. आम्ही कुणाचा हात धरलाय?”

“तुमच्याशिवाय दुसरी पंगत बसत नाही.”

“ही रीत तुमची, बाबा. आम्हाला कुठे विचारून केलीत?”

राजाला हसू आलं. त्याच्या मागोमाग लाजही आली. तो घोंगडी सरकवून जमिनीवर बसला.

“आजी,” तो म्हणाला, “मग तुम्हीच सांगा. काय करू?”

सोनकीचं सूप थांबलं. म्हातारीने पदर डोळ्यांना लावला.

“थांब जरा,” ती म्हणाली. “इतक्या पिढ्यांनी विचारलंस. घाईने कसं सांगू?”

राजा थांबला. ऊन कललं. वस्तीतली माणसं जमली. त्यांनी पलीकडच्या उतारावर नेऊन कुठला बुंधा कोणाचा ते सांगितलं. कुठल्या झऱ्याचं काय करावं यावर त्यांच्यातच वाद झाला, तोही राजाने ऐकला. म्हातारीने दिराबद्दलची तक्रारही मांडून घेतली. राजाने तीसुद्धा मान हलवत ऐकली.

मग सगळे मिळून खाली आले. जेवणाआधी, मांडवातच, सभा भरली. रिकाम्या पोटी माणूस कधी कधी बरं ऐकतो. या वेळी डोंगरातली माणसं सभासदांच्या मधेमधे बसली होती आणि राजाने आधी त्यांना बोलायला सांगितलं. टोपली फिरली. वाळलेली पानं याही वेळी होती. पण हिरवी जास्त होती.

भाटाने पहिली ओळ बदलली: ‘आधी इथे माणसं होती. ती जरा सरकली, मग आपण आलो.’ चालीत बसवताना तो घामाघूम झाला. मागची एकही ओळ ढासळली नाही.

सभेत जायला म्हातारी तयार होईना. “माझे गुडघे गेले. आणि मी बोलायला लागले तर त्यांची पाळी यायची नाही.” म्हणून सोनकी गेली. पहिल्याच सभेत नदीवरच्या पुलाला लाकूड हवं, अशी गोष्ट निघाली.

तिन्हीसांजेला ती घरी आली तेव्हा म्हातारी दारातच उभी होती. “काय झालं गं?”

“मी म्हटलं, वरच्या अंगाचं लाकूड नेऊ नका, खालच्या अंगाचं न्या. प्रधान माझ्यावर ओरडले. साफ चुकतंय तुमचं, म्हणाले.”

“आणि तू?”

“मीही ओरडले. मग थोडं त्यांचं राहिलं, थोडं माझं. उतारावरचं एकही झाड जाणार नाही.”

“आणि वाढलं काय? लाडू?”

“कसले लाडू! पाणीसुद्धा कोणी आणून दिलं नाही. मीच उठले आणि माठातलं घेतलं.”

म्हातारीने सुनेच्या तोंडावरून हात फिरवला आणि कडाकडा बोटं मोडली.

“मग झालो बाई आपण घरचे,” ती म्हणाली.

तात्पर्य: ज्यांची माती आपल्या पायांखाली आहे, त्यांना नुसतं मानाने वाढून भागत नाही, त्यांना विचारावं लागतं.